काचेवरचं शेवाळ आणि आतले शिकारी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गिरगावकरांचं आणि माशांचं नातं दोन प्रकारचं आहे. एक बाजारातलं आणि ताटातलं. दुसरं काचेतलं. १९५१ साली चर्नी रोड स्थानकाजवळ, मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालं. तेव्हापासून मे महिन्याच्या सुटीत गावाहून पाहुणे आले, की राणीचा बाग, म्हातारीचा बूट आणि मत्स्यालय हा फेरा ठरलेलाच असे. २०१५ साली नूतनीकरण होऊन ते पुन्हा उघडलं, तेव्हा बारा फूट लांबीचा पारदर्शक बोगदा आणि एलईडीचे दिवे आले. २०२० साली करोनाच्या साथीत मत्स्यालयाचं दार बंद झालं, पुढे जुन्या झालेल्या इमारतीचा प्रश्न उभा राहिला आणि नव्या मत्स्यालयाची चर्चा सुरू झाली.

मत्स्यालय पाहून आलेल्या माणसाला काय आठवतं? मुशी, पाकट, वाम, मोठ्या जबड्याचा हेकरू. म्हणजे शिकारी मासे. त्या माशांसमोरची काच स्वच्छ होती, हे कोणी आठवणीत ठेवत नाही. पण खाऱ्या पाण्याच्या मोठ्या टाकीत काच आपोआप स्वच्छ राहत नाही. आठवडाभर हात लावला नाही, तर तिच्यावर हिरवा थर दिसू लागतो. महिनाभर दुर्लक्ष केलं, तर आतला मासा दिसणं कठीण होतं.

आज मला बोलायचं आहे ते या शेवाळाबद्दल. हा विषय फक्त सरकारी मत्स्यालयाचा राहिलेला नाही. हॉटेलं, कचेऱ्या, डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात आणि काही हौशी घरांतही आता खाऱ्या पाण्याच्या हजार-हजार लिटरच्या टाक्या आल्या आहेत. त्यांत लोकांना लायनफिश, ट्रिगरफिश, मोरे ईल म्हणजे वामीच्या जातकुळीतला मासा, किंवा हेकरू हवा असतो. टाकी बसवली जाते, दोन-तीन महिने सगळे कौतुक करतात, आणि मग शेवाळ येतं. त्यानंतर बहुतेक जण एकच गोष्ट करतात. दुकानातून शेवाळनाशकाची बाटली आणतात. ती बाटली का आणू नये आणि त्याऐवजी काय करावं, हे सांगण्यासाठी मी आज आपल्यासमोर आहे.

आधी शेवाळ का येतं ते पाहू. शेवाळाला उजेड लागतो आणि खत लागतं. खत म्हणजे मुख्यतः नत्र आणि स्फुरद, शेतकऱ्याच्या ओळखीचीच ही नावं. टाकीत हे खत कोण घालतं? आपणच, माशांच्या खाण्यातून. मासा मांस खातो. मांसातल्या प्रथिनांत नत्र असतं. मासा त्यातला थोडा भाग आपल्या वाढीसाठी ठेवतो आणि उरलेला मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. अमोनिया माशांना विषारी. पण टाकीतल्या दगडांवर आणि गाळणीत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना बरंच सोसवतं. म्हणून मासा तगतो. पण ते नायट्रेट टाकीतून जात नाही, ते साठत राहतं. शेवाळाला नेमकं तेच हवं असतं.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, हजार लिटरच्या टाकीत तीन-चार शिकारी मासे आहेत आणि एका वेळी आपण त्यांना शंभर ग्रॅम मासळी देतो. शंभर ग्रॅम मासळीत अठरा ते वीस ग्रॅम प्रथिनं असतात आणि प्रथिनांचा साधारण सोळा टक्के भाग नत्राचा असतो. म्हणजे तीन ग्रॅम नत्र. त्यातलं दोन ग्रॅम पाण्यात आलं असं धरू. या दोन ग्रॅम नत्राचं जवळजवळ नऊ ग्रॅम नायट्रेट तयार होतं. हजार लिटरमध्ये नऊ ग्रॅम म्हणजे लिटरला नऊ मिलिग्रॅम. एका जेवणाचं एवढं! उष्ण कटिबंधातल्या स्वच्छ, खुल्या समुद्राच्या वरच्या थरात लिटरमागे एक मिलिग्रॅमही नायट्रेट नसतं.

आता आठवड्यातून तीन जेवणं धरा. आठवड्याला सत्तावीस मिलिग्रॅमची भर पडली. पाणी बदलून ती काढू म्हटलं, तर दर आठवड्याला पाव टाकी, म्हणजे अडीचशे लिटर पाणी बदलूनसुद्धा नायट्रेटची पातळी शंभराच्या आसपास जाऊन स्थिरावते. कारण पाव भाग पाणी बदललं की नायट्रेटही फक्त पाव भागच जातं. आणि अडीचशे लिटर खारं पाणी बनवायला लिटरमागे पस्तीस ग्रॅम या हिशेबाने जवळजवळ नऊ किलो मीठ लागतं. तेही स्वयंपाकाचं नव्हे, मत्स्यालयासाठी मिळणारं खास मिश्रण. दर आठवड्याला नऊ किलो! म्हणजे नुसतं पाणी बदलून हा प्रश्न सुटत नाही, खिसा मात्र रिकामा होतो.

तुम्ही म्हणाल, समुद्रातही मासे मासे खातातच की. मग तिथे सगळं हिरवं का होत नाही? एक तर समुद्र अफाट आहे. दुसरं म्हणजे तिथे शेवाळ खाणाऱ्यांची मोठी फौज आहे. गोगलगायी, शंखात राहणारे खेकडे, कोळंबी, अंगभर काटे असलेले सी-अर्चिन, पोपटाच्या चोचीसारखं तोंड असलेले पॅरटफिश, सर्जनफिश. हे सगळे दिवसरात्र खडक खरवडत असतात. ही फौज नाहीशी झाली तर काय होतं, ते कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटाने पाहिलं आहे. तिथे शेवाळ खाणाऱ्या माशांची आधीच बेसुमार मासेमारी झालेली होती. १९८० साली मोठं वादळ आलं. आणि १९८३ च्या सुमारास काळे, लांब काटे असलेले सी-अर्चिन एका रोगाने जवळजवळ सगळेच मेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या तळाचा निम्मा भाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला प्रवाळ तीन-चार टक्क्यांवर आलं आणि शेवाळ नव्वद टक्क्यांवर गेलं.

आपल्या टाकीत पहिल्या दिवसापासून हीच परिस्थिती असते. ज्यांच्या टाकीत छोटे, गरीब स्वभावाचे मासे आहेत ते गोगलगायी आणतात, कोळंबी आणतात, शंखातले खेकडे सोडतात, आणि ती मंडळी काम करतात. शिकारी माशांच्या टाकीत ती सोडून पाहा. ट्रिगरफिशचे दात शंख फोडण्यासाठीच बनलेले असतात. समुद्रात तो काटेरी सी-अर्चिनसुद्धा उलटा करून खातो. मोरे ईलच्या काही जाती खेकड्यांवरच जगतात. लायनफिश आणि हेकरू कोळंबी चावतसुद्धा नाहीत, सरळ गिळतात. म्हणजे पाचशे रुपयांची सफाई फौज आणली, ती एका रात्रीत पोटात गेली आणि तिचंही नायट्रेट झालं. शेवाळाला उलट जास्तीचं खत मिळालं.

मग बाटलीकडे हात जातो. बाजारातल्या अनेक शेवाळनाशकांत तांबं असतं. तांब्यामुळे शेवाळ मरतं हे खरं. पण तांबं दगडांत आणि तळाच्या वाळूत मुरतं, आणि पुढे त्या टाकीत कोणताही शंख, कोळंबी किंवा खेकडा जगणं अवघड होतं. मुशी आणि पाकट यांना तर तांबं फारच बाधतं. दुसरा धोका त्याहून मोठा. टाकीभर शेवाळ एकदम मेलं की ते कुजतं. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मुंबईच्या उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी मुरतो. त्यातून मोठा शिकारी मासा म्हणजे प्राणवायूचा मोठा गिऱ्हाईक. रात्री बाटली ओतली आणि सकाळी मासे वर तरंगताना दिसले, ही गोष्ट टाक्या सांभाळणाऱ्या मंडळींच्या चांगल्या परिचयाची आहे. त्यात मासे विषाने मरतात असं नाही, बरेचदा गुदमरून मरतात. शिवाय शेवाळ मेलं तरी त्याच्यातलं खत पाण्यातच राहिलं. पंधरा दिवसांत नवं शेवाळ हजर.

थोडक्यात काय, तर शेवाळ हा रोग नाही. आत किती गेलं आणि बाहेर किती निघालं, याचा तो काचेवर लिहिलेला हिशेब आहे. म्हणून उपाय दोनच. आत कमी घाला आणि बाहेर जास्त काढा. बाकी सगळी साधनं या दोन कामांसाठी आहेत.

आत कमी घालण्यापासून सुरुवात करू, कारण त्याला पैसे लागत नाहीत. आपल्याकडे पाहुण्याला आणि माशाला भरपूर खाऊ घालण्याची पद्धत आहे. मासा काचेजवळ येऊन तोंड उघडतो, आपल्याला वाटतं तो उपाशी आहे. पण हेकरू, लायनफिश, मोरे ईल हे समुद्रात रोज पोटभर जेवत नाहीत. शिकार मिळाली की खातात, मग स्वस्थ पडून राहतात. मोठ्या झालेल्या माशाला आठवड्यातून दोनदा खाणं पुरतं. ट्रिगरफिशसारख्या सतत हिंडणाऱ्याला थोडं थोडं, पण अधिक वेळा द्यावं. मघाच्या हिशेबात आठवड्याला तीनशे ग्रॅम मासळी होती. ती एकशेवीस ग्रॅमवर आणली, तर तेवढंच पाणी बदलून नायट्रेटची पातळी शंभराऐवजी चाळीस-पन्नासच्या घरात राहते. यंत्र बदललं नाही, औषध घातलं नाही. फक्त हात आखडता घेतला.

खाणं कसं द्यावं, तेही महत्त्वाचं आहे. मांदेली, करंदी, माकुल असं जे काही देणार ते चिमट्याने एकेका माशाला द्यावं. टाकीत ओंजळ टाकू नये. बर्फातली मासळी वितळवल्यावर उरणारं गढूळ पाणी टाकीत ओतू नये, मोरीत ओतावं. दहा मिनिटांत न खाल्लेला तुकडा बाहेर काढावा. आणि रोज एकाच प्रकारची मासळी देऊ नये. काही कच्च्या माशांत आणि कोळंबीत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. महिनोन्‌महिने तेच एक खाणं दिलं तर मासा भरल्यापोटी आजारी पडतो.

पाण्याचंही तसंच. टाकीतलं पाणी उडून जातं तेव्हा मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे पाणी आरओ यंत्रातून गाळलेलं असावं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि इतर विरघळलेले पदार्थ टाकीत दर वेळी थोडे थोडे साठत जातात. काही जण म्हणतात, चौपाटी समोर असताना पाणी विकत कशाला बनवायचं? पण शहराच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात नाल्यांचं पाणी मिसळलेलं असतं. पावसाळ्यात त्याचा खारटपणा उतरतो आणि गाळ वाढतो. म्हणजे शेवाळाचं खत आपण बादलीने वाहून आणणार. ते टाळावं.

तिसरी गोष्ट उजेड. इथे शिकारी माशांची टाकी आपल्या बाजूने आहे. प्रवाळांच्या टाकीत दिवे कमी करता येत नाहीत, कारण प्रवाळ उजेडावर जगतात. लायनफिश, हेकरू आणि मोरे ईल यांना अंधुक उजेडच आवडतो. त्या टाकीतला दिवा माशांसाठी नसतो, आपल्यासाठी असतो. म्हणून तो घरी माणसं असतील त्या सहा-सात तासांपुरताच लावावा. पश्चिमेच्या खिडकीसमोर टाकी ठेवू नये. हॉटेलात पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत दिवा चालू असतो आणि मालक शेवाळाची तक्रार करतो, तिथे आधी दिव्याचं बटण पाहावं.

आता बाहेर काढण्याकडे वळू. सगळ्यांत जुना उपाय म्हणजे हाताने घासणं. त्याला कमी लेखू नका. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मॉन्टेरे बे मत्स्यालय आहे, जगातल्या नावाजलेल्या मत्स्यालयांपैकी एक. तिथे समुद्राचं पाणी दिवसा गाळून टाकीत घेतात, म्हणजे प्रेक्षकांना स्वच्छ दिसावं, आणि रात्री न गाळलेलं समुद्राचं पाणी आत सोडतात, म्हणजे आतल्या जिवांना त्यांचं नैसर्गिक खाणं मिळावं. एवढी व्यवस्था असूनही काच घासायला पाणबुडे टाकीत उतरतातच. घासताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ॲक्रिलिकची भिंत असेल तर मऊ कापडच वापरा, पातं लावलंत तर कायमचे ओरखडे पडतील. आणि खरवडलेलं शेवाळ पाण्यात तरंगत ठेवू नका. सायफनच्या नळीने ओढून बाहेर काढा. बाहेर काढलेल्या शेवाळाबरोबर त्यात अडकलेलं खतही बाहेर गेलं. तिथल्या तिथे चुरलंत तर ते पुन्हा पाण्यातच आलं.

आत हात घालण्यापूर्वी लायनफिश कोणत्या कोपऱ्यात आहे ते बघा. त्याच्या काट्यात विष असतं. डंख झालाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावं. मोरे ईलला दिसतं कमी आणि वास येतो जास्त. मासळी चिरलेला हात न धुता टाकीत घातला, तर तो खाणंच समजून चावेल. त्यात त्याचा दोष नाही.

दुसरा उपाय फेसाचा. पावसाळ्यात भरतीच्या वेळी चौपाटीवर फेसाचे ढीग साठलेले तुम्ही पाहिले असतील. पाण्यातले सेंद्रिय पदार्थ हवेच्या बुडबुड्यांना चिकटतात आणि वर येतात, त्याचा तो फेस. प्रोटीन स्किमर नावाचं यंत्र हेच करतं. एका उभ्या नळकांड्यात पाण्याबरोबर बारीक बुडबुडे सोडतं आणि वर आलेला घाण फेस एका पेल्यात जमा करतं. ही घाण जिवाणूंनी तिचं नायट्रेट करण्याआधीच बाहेर पडते, हा मोठा फायदा. शिकारी माशांच्या टाकीला स्किमर घेताना टाकीच्या मापापेक्षा मोठा घ्यावा. आणि तो पेला दर दोन-तीन दिवसांनी धुवावा. गाळणीच्या कापडाचंही तसंच. कापडात अडकलेली घाण डोळ्यांआड गेली, तरी पाणी तिच्यातूनच वाहत असतं. कापड धुतल्याशिवाय ती टाकीबाहेर गेली असं होत नाही.

तिसरा उपाय मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. काट्याने काटा काढावा, तसं शेवाळानेच शेवाळ आवरायचं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ वॉल्टर ॲडी यांनी १९८० च्या सुमारास वॉशिंग्टनच्या संग्रहालयात प्रवाळ परिसंस्थेची टाकी उभी केली. तिचं पाणी त्यांनी एका जाळीवरून वाहवलं. जाळीवर भरपूर उजेड सोडला. साहजिकच शेवाळ जाळीवर वाढलं, आणि दर काही दिवसांनी जाळी खरवडली की पाण्यातलं खत हातात आलं. आपल्याकडेही हे करता येतं. मुख्य टाकीखाली एक वेगळी टाकी ठेवायची, तिला सम्प म्हणतात. तिच्या एका कप्प्यात दोऱ्यांच्या गुंत्यासारखं वाढणारं हिरवं समुद्री शेवाळ ठेवायचं आणि त्यावर स्वतंत्र दिवा लावायचा. हा दिवा रात्री लावावा, वरचा बंद झाल्यावर. शिकारी मासे वरच्या टाकीत, शेवाळाची बाग खाली. खालच्या बागेत गोगलगायी आणि छोटी कोळंबीही सुखाने राहू शकतात, कारण तिथे त्यांना खाणारं कोणी पोहोचत नाही. दर आठवड्याला या बागेतलं मूठ-दोन मूठ शेवाळ काढून टाकायचं. काढलं नाही तर उपयोग नाही. अर्थात, अशी बाग करायची तर पाण्यात तांब्याचं औषध कधीही घालता येणार नाही. आजारी माशाला वेगळ्या टाकीत नेऊनच औषध द्यावं लागेल.

काढलेलं शेवाळ वाळवून कुंडीत घाला किंवा कचऱ्यात टाका. समुद्रात मात्र टाकू नका. गिरगावातून समुद्र पाच मिनिटांवर, म्हणून मुद्दाम सांगतो. १९८४ साली मोनॅको इथल्या प्रसिद्ध सागरविज्ञान संग्रहालयाच्या खालच्या समुद्रात मत्स्यालयांत वापरलं जाणारं एक शेवाळ आढळलं. कॉलर्पा त्याचं नाव. सुरुवातीला ते जेमतेम एक चौरस मीटर होतं. पुढच्या काही वर्षांत भूमध्य समुद्रात ते हजारो हेक्टरांवर पसरलं आणि तिथल्या मूळ समुद्री गवताच्या मुळावर आलं. माशांचंही तसंच. कंटाळा आला म्हणून लायनफिश चौपाटीवर सोडून द्यायचा नाही. हिंदी आणि प्रशांत महासागरातला हा मासा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पसरला, तो बहुधा हौशी लोकांच्या टाक्यांतून सुटूनच.

आणि टाकीतच शेवाळ खाणारा मासा ठेवायचा असेल तर? ठेवता येतो. नियम साधा आहे. ज्याच्या तोंडात जो मावेल, तो त्याचं खाणं. म्हणून मोठा सर्जनफिश किंवा रॅबिटफिश निवडावा आणि तो शिकारी माशांच्या आधी टाकीत सोडावा. नंतर आलेल्याला जुने मासे जागा देत नाहीत. रॅबिटफिशच्या पाठीच्या काट्यातही विष असतं, त्यामुळे त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. पण हाही मासाच आहे, त्यालाही वाढायला मोठी जागा लागते. शेवाळ खायला म्हणून लहान टाकीत कोंबला, तर एका प्रश्नाचे दोन झाले.

चाचणीबद्दलही एक सांगायला हवं. नायट्रेट आणि स्फुरदाच्या फॉस्फेटची तपासणी करणारे संच मिळतात, ते जरूर वापरावेत. पण टाकी हिरवीगार आणि चाचणीत मात्र शून्य, असं दिसलं तर हुरळून जाऊ नये. पाण्यात खत नाही, कारण ते शेवाळाने आधीच ओढून घेतलं आहे. रंगही बघावा. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी भुकटीसारखा थर येतो, तो बहुतेक वेळा आपोआप जातो. लालसर-जांभळा बुळबुळीत थर हा खरं तर शेवाळ नव्हेच, ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू असतात. पाणी साचून राहतं अशा कोपऱ्यात ते जोर धरतात, तिथे प्रवाह वाढवावा. लांब हिरवे केस दिसले, तर खाणं जास्त होतंय असं समजावं.

हे सगळं केल्यावर शेवाळ किती दिवसांत आटोक्यात येईल? दीड-दोन महिने तरी द्या. ते हळूहळू जाणंच माशांच्या हिताचं आहे.

ज्यांनी अजून टाकी घेतलेली नाही, त्यांना दोन शब्द. हजार लिटर खारं पाणी म्हणजे एक टनाहून अधिक वजन. काच, दगड आणि लोखंडी मांडणी वेगळीच. गिरगावच्या जुन्या चाळींत लाकडी तुळयांवर आणि फळ्यांवर खोल्या उभ्या आहेत. तिथे असला भार इमारतीच्या जाणकार अभियंत्याला विचारल्याशिवाय घालू नये. खाली कोणाचा तरी संसार आहे. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून सजावटीला खरं प्रवाळ मागू नका. जिवाणूंना घर म्हणून सच्छिद्र कृत्रिम दगड चालतात. आणि दुकानात चार इंचांचा दिसणारा हेकरू चार इंचांचा राहणार नाही, हे त्याला घरी आणण्याआधी स्वतःला विचारा. मासा वाढला की त्याचं खाणं वाढतं, खाणं वाढलं की शेवाळ वाढतं, आणि शेवटी टाकीचा मालक हैराण होऊन मासा विकायला निघतो.

शेवटी पुन्हा सार्वजनिक मत्स्यालयाकडे येतो. मुंबईत नवं मत्स्यालय होईल तेव्हा आपण सगळे विचारू, बोगदा किती लांब, मुशी किती मोठी, तिकीट किती. ते विचारायला हरकत नाही. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारू या. काचेमागची खोली केवढी आहे? तिथे स्किमरला जागा आहे का, पाणी साठवायला हौद आहेत का, आजारी माशाला वेगळी टाकी आहे का, आणि रोज काच घासणाऱ्या माणसांच्या पगाराची तरतूद पाच वर्षांनंतरही राहणार आहे का? शिकारी मासे आणायला एक दिवस पुरतो. त्यांच्यासाठी पाणी निर्मळ राखणं हे रोजचं काम आहे, आणि ते करणारा माणूस तिकीट काढून आलेल्याला कधी दिसत नाही. पुढच्या वेळी कुठल्याही मत्स्यालयात स्वच्छ काचेसमोर उभे राहाल, तेव्हा त्या माणसाची आठवण ठेवा.